आयल्ट्स स्पीकिंग: एकच उत्तर चार वेळा बोलून पाहा

आयल्ट्स (आयईएलटीएस) या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगच्या, म्हणजे बोलण्याच्या भागाच्या, सरावाच्या वेळी कोकणातून आलेल्या एका नर्सला मी विचारलं, ‘डू यू लाइक रेनी डेज?’ तिने नजर छताला लावली आणि एका सुरात म्हणून टाकलं, ‘रेन इज अ प्रेशस गिफ्ट ऑफ नेचर. इट प्लेज अ पिव्होटल रोल इन अवर लाइव्ह्ज.’ आणि थांबली. पाठ केलेलं तेवढंच होतं.

नंतर चहा घेताना मी मराठीत विचारलं, ‘खरंच आवडतो का गं पाऊस?’ ती लगेच बोलायला लागली. ‘जुलैत नको नको होतो. बसने ड्युटीवर पोचेपर्यंत बूट भिजलेले असतात, मग दिवसभर ओल्या मोज्यांत उभं राहायचं. पण मृगाचा पहिला पाऊस आला की मी अंगणात जाऊन उभी राहते. आई ओरडते, तरी राहते.’

परीक्षकाला हेच ऐकायचं असतं. उत्तर तिच्याजवळ होतंच, फक्त ते इंग्रजीत कसं न्यायचं हे कुणी तिला दाखवलं नव्हतं. पहिल्यांदाच आयईएलटीएस देणाऱ्यांसाठी ती वाट पायरी-पायरीने इथे लिहिते आहे.

पायरी पहिली: गुण कशाला मिळतात ते नीट समजून घ्या

स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग या दोन्ही प्रकारांना ती सारखीच असते. समोर एक परीक्षक असतो, काही केंद्रांवर तो व्हिडिओ कॉलवर असतो, आणि सगळं संभाषण रेकॉर्ड होतं. पार्ट वनमध्ये 4 ते 5 मिनिटं घर, काम, शिक्षण, सवयी असे रोजचे प्रश्न असतात. पार्ट टूमध्ये एक कार्ड मिळतं, विचार करायला 1 मिनिट मिळतं आणि मग 1 ते 2 मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं. पार्ट थ्रीमध्ये पुन्हा 4 ते 5 मिनिटं त्याच कार्डाशी जोडलेल्या व्यापक विषयावर चर्चा होते.

गुण चार गोष्टींना मिळतात आणि चारही गोष्टींचं वजन सारखं असतं: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. या यादीत काय नाही, तेही पाहा. सामान्यज्ञान नाही. तुमचं मत बरोबर की चूक हेही नाही. लंडनच्या माणसासारखं बोलणं तर नाहीच. ‘पावसाचं निसर्गातलं महत्त्व’ सांगण्याचे वेगळे गुण कुठेच नाहीत. शाळेतल्या निबंधाची सवय आपल्यात इतकी मुरलेली असते की प्रश्न ऐकताच आपण प्रस्तावना शोधायला लागतो. ही सवय आधी सुटायला हवी.

निकाल बँडमध्ये, म्हणजे 9पर्यंतच्या श्रेणीत, मिळतो आणि अनेकांना 7 बँडची गरज असते. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल स्पीकिंगमध्ये 7 मागते. कॅनडात स्थायिक होण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत सीएलबी 9 (तिथल्या भाषा-मापनाची नववी पातळी) मानायलाही स्पीकिंगमध्ये 7 लागतात. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर आकडा स्वतः तपासा.

6 आणि 7 यांत फरक कुठे पडतो? सहावाला माणूस लांब बोलायला तयार असतो, पण मध्येच अडखळतो, तेच तेच बोलतो, वाक्य सोडून पुन्हा सुरू करतो आणि त्यामुळे धागा सुटतो. सातवाला फार कष्ट न दिसता बोलत राहतो. त्याची बरीचशी वाक्यं बिनचूक असतात. एखादा शब्द आठवला नाही तर तोच अर्थ तो दुसऱ्या शब्दांत सांगतो. थोडं अडखळणं 7 बँडलाही चालतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. एक चूक झाली म्हणून पुढची दहा मिनिटं मनातल्या मनात कुढणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

पायरी दुसरी: स्वतःचा आवाज ऐका

फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि तयारी न करता चार-पाच साध्या प्रश्नांची उत्तरं द्या. तुमचं गाव, तुमचं काम, सुट्टीचा दिवस, पाऊस, सकाळी उठणं. मग ते ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवा. ‘अं...’ आणि ‘मीन्स...’सुद्धा लिहा, अर्धी सोडलेली वाक्यंही लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि स्वतःचा आवाज ऐकवत नाही, मला ठाऊक आहे. तरी पहिल्या आठवड्यात एवढंच करा. तुम्ही खरोखर काय बोलता आणि आपण काय बोलतो असं तुम्हाला वाटतं, यांतलं अंतर दुसरं कुणी इतकं स्पष्ट दाखवू शकत नाही.

उतरवलेल्या कागदावर थांबण्याच्या जागी रेघ मारा आणि प्रत्येक रेघेला विचारा: इथे मी काय सांगायचं याचा विचार करत होतो, की शब्द शोधत होतो? पहिल्या प्रकारचं थांबणं स्वाभाविक आहे, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही असे थांबतात. दुसऱ्या प्रकारचं थांबणं बँड खाली आणतं. कागदावर दुसऱ्या प्रकारच्या रेघा जास्त असतील, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: डोक्यात मराठी वाक्य पूर्ण तयार होतंय आणि मग त्याचं भाषांतर चाललंय.

पायरी तिसरी: एक उत्तर, चार फेऱ्या

या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं सांगणं हे आहे. रोज वीस नवे प्रश्न सोडवण्यापेक्षा एकच प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर चार वेळा बोला. पुन्हा पावसाकडे जाऊ.

पहिली फेरी खऱ्या उत्तराची. मनात मराठीत विचारा, ‘खरं काय?’ मग जमेल तशा इंग्रजीत सांगा. त्या नर्सची पहिली फेरी अशी होती: ‘आय लाइक रेन, बट इन जुलाय आय डोन्ट लाइक. बिकॉज आय ॲम गोइंग टू ड्युटी बाय बस अँड माय शूज आर गेटिंग वेट. बट फर्स्ट रेन आय लाइक व्हेरी मच.’ चुका आहेत, पण छताकडे पाहणं थांबलं. हे उत्तर तिचं स्वतःचं आहे आणि त्यात सांगण्यासारखं काहीतरी आहे.

दुसरी फेरी दुरुस्तीची. रोजची गोष्ट आहे, म्हणून ‘आय ॲम गोइंग’ऐवजी ‘आय गो’. ‘आर गेटिंग वेट’ऐवजी ‘गेट वेट’. ‘डोन्ट लाइक’च्या पुढे ‘इट’ हवं, कारण मराठीत ‘आवडत नाही’ म्हटलं की भागतं, इंग्रजीत ‘लाइक’ला कर्म लागतं. ‘ड्युटी’ आपल्याकडे सगळे म्हणतात, पण सरळ ‘वर्क’ किंवा ‘शिफ्ट’ बरं. या फेरीत नवा शब्द एकही आणायचा नाही.

तिसरी फेरी शब्दांची. ‘लाइक’ तीनदा आलाय, तो दोन ठिकाणी बदलायचा. वैतागलो या अर्थी ‘सिक ऑफ इट’. वाट पाहणं म्हणजे ‘लुक फॉरवर्ड टू’. नुसता ओला नव्हे, चिंब: ‘सोक्ड’. मोसमातली पहिली सर: ‘द फर्स्ट शावर’. एका उत्तरात असे तीन-चार बदल पुरेत, ते दुसऱ्या दिवशीही आठवतात. चाळीस शब्दांच्या याद्या आठवत नाहीत.

चौथ्या फेरीत कागद उलटा ठेवायचा आणि बोलायचं: ‘इट डिपेंड्स ऑन द मंथ, रिअली. बाय जुलाय आय ॲम सिक ऑफ इट, बिकॉज आय गो टू वर्क बाय बस अँड माय शूज गेट सोक्ड बिफोर माय शिफ्ट इव्हन स्टार्ट्स. बट आय ऑलवेज लुक फॉरवर्ड टू द फर्स्ट शावर इन जून. आय जस्ट स्टँड इन द यार्ड, अँड माय मदर शाउट्स ॲट मी.’

यात पिव्होटल कुठेच नाही, तरी उत्तर आधीच्यापेक्षा कितीतरी वरचं आहे. वाक्यं एकमेकांत गुंतलेली आहेत, शब्द जागेवर आहेत आणि आवाजात चढउतार आपोआप येतो, कारण बोलणारीला आई दिसत असते.

मग हेही पाठांतरच झालं ना, असं मला दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतं. नाही. दुसऱ्या दिवशी तोच विषय वेगळ्या प्रश्नातून विचारा: ‘व्हॉट डू यू डू व्हेन इट रेन्स?’ किंवा ‘डिड यू लाइक रेन ॲज अ चाइल्ड?’ ज्याने वाक्यं पाठ केली तो इथे अडतो. ज्याने गोष्ट सांगायला शिकली तो तीच अंगणाची गोष्ट भूतकाळात फिरवून सांगतो. पाठ केलेली उत्तरं ओळखण्याचं प्रशिक्षण परीक्षकांना दिलेलं असतं. सूर सपाट होतो, नजर हलते आणि प्रश्न थोडा वेगळा असला तरी उत्तर तेच येतं.

पार्ट वन: थोडक्यात

दोन ते चार वाक्यं. आधी थेट उत्तर, मग कारण किंवा एखादा बारीक तपशील. नुसतं ‘यस, आय डू’ कमी पडतं आणि एक मिनिटाचं भाषण झालं तर परीक्षक मध्येच थांबवतो. नाव विचारलं तर ‘मायसेल्फ अमुक’ नको, ‘माय नेम इज’ म्हणा. ‘कमिंग टू माय हॉबीज’, ‘बेसिकली आय बिलाँग टू’ ही मुलाखतीची भाषाही इथे नको, साधं ‘आय ॲम फ्रॉम’ पुरतं. प्रश्न कळला नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ विचारायला घाबरू नका. मात्र पार्ट वनमध्ये परीक्षक ठरलेल्या प्रश्नांच्या चौकटीत असतो, प्रश्न पुन्हा वाचतो पण फारसा समजावत नाही.

पार्ट टू: एका मिनिटात काय लिहायचं

कार्डावर विषय असतो आणि खाली तीन-चार मुद्दे. समजा, लक्षात राहिलेल्या एखाद्या प्रवासाबद्दल बोलायचं आहे: कुठे गेलात, कसे गेलात, कोण सोबत होतं आणि तो प्रवास का लक्षात राहिला. बहुतेक जण मिनिटभरात पूर्ण वाक्यं लिहायला जातात, पहिलं वाक्य संपायच्या आत वेळ संपतो आणि मग ते कागद वाचायला लागतात.

वाक्यं लिहू नका, खुंट्या ठोका. कोल्हापूरहून मालवणला एसटीने गेलेला एक जण असं लिहील: ‘गगनबावडा – फॉग – ब्रेक्स – आजी – चिवडा – सी’. सहा शब्दांत अख्खा प्रवास आहे. करूळ घाटात धुकं, ड्रायव्हरने गाडी थांबवली, शेजारच्या आजींनी चिवड्याची पुडी उघडून सगळ्यांना वाटला, आणि खाली उतरल्यावर पहिल्यांदा दिसलेला समुद्र. शेवटचा मुद्दा, ‘का लक्षात राहिला’, यासाठी एक खुंटी वेगळी राखून ठेवा, कारण मुलं तिथेच ‘बिकॉज इट वॉज व्हेरी नाइस एक्स्पिरियन्स’ म्हणून संपवतात आणि सगळ्यात चांगलं बोलण्याची संधी जाते. ‘स्ट्रेंजर्स ऑन दॅट बस बिकेम अ फॅमिली फॉर टू अवर्स’ असं काही म्हणता आलं तर बघा.

खुंट्या मराठीत लिहिल्या तर चालतील का? कुणी अडवत नाही. माझं मत असं की नावं आणि आठवणीचा शब्द मराठीत असू द्या, पण क्रियापदं इंग्रजीत लिहा. क्रियापद मराठीत लिहिलं की त्याच्यामागे सगळं मराठी वाक्य येतं.

सव्वा मिनिटात सांगायचं संपलं तर? मागे किंवा बाजूला जा. त्याआधी कधी गेला होतात का, आज तो प्रवास केला तर काय वेगळं असेल, न गेला असतात तर काय चुकलं असतं. शेवटचा प्रश्न तर आपोआप ‘इफ आय हॅडन्ट टेकन दॅट बस...’ असं अवघड व्याकरण तोंडी आणतो, तेही अवघड न वाटता. दोन मिनिटं होताच परीक्षक तुम्हाला थांबवेल. त्याचे गुण कापले जात नाहीत, उलट पूर्ण वेळ बोललात एवढाच त्याचा अर्थ.

प्रसंग खराच असायला हवा असं नाही, कुणी पडताळत नाही. पण खऱ्या प्रसंगात वास, आवाज, माणसं असतात आणि त्यांच्यामुळे शब्द सुचतात. बनवलेल्या प्रसंगात बोलणारा तिसऱ्या वाक्याला कोरडा पडतो.

इंग्रजीत नसलेले शब्द: हुरडा समजावून सांगा

माझ्या सरावातला आवडता खेळ इथे सांगते. शब्द आठवत नसताना तोच अर्थ वळसा घालून सांगता येणं, हे शब्दसंपत्तीच्या निकषातलं मोठं कौशल्य आहे. ते शिकायला आपल्याजवळ अख्खं मराठी घर पडलं आहे. हुरडा, माहेर, उकडीचे मोदक, मंडई, वारी, डबा, ओटी. हे शब्द महाराष्ट्र कधी न पाहिलेल्या माणसाला इंग्रजीत सांगायचे.

हुरडा असा सांगता येईल: ‘इन विंटर, बिफोर द सॉर्गम इज फुली राइप, वी रोस्ट द टेंडर ग्रेन ओव्हर हॉट एम्बर्स, राइट देअर इन द फील्ड, रब इट बिटवीन अवर पाम्स अँड ईट इट वॉर्म.’ माहेर: ‘द होम अ मॅरीड वुमन ग्रू अप इन, अँड स्टिल थिंक्स ऑफ ॲज हर्स.’ वारी सांगताना आषाढी एकादशी, आळंदी, पंढरपूर अशी नावं ओळीने येतात आणि परीक्षक हरवतो. आधी ‘अ लाँग वॉक टू अ टेंपल टाउन, अलाँग विथ थाउजंड्स ऑफ पीपल, सिंगिंग ऑल द वे’ असं सांगा, नाव मागाहून.

घरच्या घरी दोघांत खेळा: एकाने मराठी शब्द द्यायचा, दुसऱ्याने वीस सेकंदांत तो इंग्रजीत उभा करायचा. आठवडाभरात ‘हाऊ टू से, हाऊ टू से’ची सवय मोडलेली दिसेल. परीक्षेत ‘सॉर्गम’ हा शब्दच आठवला नाही, तर ‘अ काइंड ऑफ ग्रेन वी मेक अवर फ्लॅट ब्रेड फ्रॉम’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

पार्ट थ्री: मत हवं, घोषणा नको

इथे प्रश्न मोठे होतात. ‘शुड पब्लिक ट्रान्सपोर्ट बी फ्री?’ यावर आपल्याकडून वृत्तपत्रातल्या अग्रलेखासारखं एक गोल वाक्य येतं आणि मग शांतता. मोठा प्रश्न लहान करायला शिका. ‘कुणासाठी?’ विचारा. ‘आधी कसं होतं?’ विचारा. ‘जवळचं उदाहरण काय?’ विचारा.

उदाहरण आपल्या हाताशी आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत मिळाली. त्यामुळे उत्तर असं होऊ शकतं: ‘नॉट फॉर एव्हरीवन, आय थिंक. इन माय स्टेट, विमेन पे हाफ द फेअर ऑन स्टेट बसेस, अँड माय आंट नाऊ व्हिजिट्स हर सिस्टर मच मोअर ऑफन दॅन शी यूज्ड टू. सो अ डिस्काउंट कॅन चेंज पीपल्स लाइव्ह्ज. बट इफ इट वेअर कम्प्लीटली फ्री, आय ॲम नॉट शुअर हू वुड पे फॉर न्यू बसेस.’ यात मत आहे, उदाहरण आहे आणि मताला स्वतःच घातलेली मर्यादाही आहे. आकडे पाठ करण्याची गरज नाही, मावशी पुरते.

विचार करायला दोन सेकंद लागले तर ‘आय हॅव नेव्हर रिअली थॉट अबाउट इट, बट...’ म्हणा. प्रत्येक प्रश्नाला ‘दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन’ म्हणणं मात्र सोडा. एकदा खपतं, तिसऱ्यांदा ते पाठ केलेलं आहे हे कळतं. पार्ट थ्रीमध्ये परीक्षक प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू शकतो, म्हणून ‘डू यू मीन इन सिटीज, ऑर इन जनरल?’ असं विचारणं इथे शोभतं.

मराठीतून येणाऱ्या चुका, आणि मराठीतून येणारी मदत

पुस्तकातलं सगळं व्याकरण पुन्हा करत बसू नका. मराठी माणसाच्या चुका बऱ्याचशा ठरलेल्या आहेत. त्या आठ-दहा सुधारल्या तर फरक लगेच ऐकू येतो.

‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय’ हे ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. हवं आहे ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. हे वाक्य पार्ट वनमध्ये जवळजवळ प्रत्येकाला लागतं, म्हणून स्वतःच्या गावासाठी, नोकरीसाठी आणि छंदासाठी ते पन्नास वेळा म्हणा. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ याच घरातले: असणं, समजणं, आवडणं, माहीत असणं यांना शेवटी ‘इंग’ नको.

‘की’ फसवतो. ‘तो म्हणाला की मी येतो’ याचं ‘ही टोल्ड मी दॅट आय विल कम’ झालं तर येणारा माणूसच बदलतो! ‘ही टोल्ड मी ही वुड कम.’ पार्ट टूमध्ये कुणाचं बोलणं सांगताना ही चूक हमखास होते.

आदरार्थी बहुवचनही फसवतं. ‘बाबा शेतकरी आहेत, ते पहाटे उठतात’ म्हणायची सवय असल्याने ‘माय फादर इज अ फार्मर, दे वेक अप अर्ली’ असं निघून जातं. इंग्रजीत बाबा ‘ही’च राहतात, त्यात अनादर नाही.

आपला ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ नव्हे. ‘मी तिथेच शिकले’चं ‘आय स्टडीड देअर ओन्ली’ करू नका. इंग्रजीत तो ‘च’ आवाजात असतो, शब्दावर जोर देऊन म्हणा, किंवा ‘राइट देअर’ म्हणा. वाक्याच्या शेवटचा ‘ना’ ‘नो?’ किंवा ‘इजन्ट इट?’ होऊन चिकटतो, तो सरळ गाळा. ‘डिस्कस अबाउट’मधलं ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’मधलं ‘बॅक’ही गाळा. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे ते सुटतात. बोलताना त्यांची काळजी करू नका, पण उतरवलेल्या कागदावर ते नेमाने भरा, हळूहळू जिभेवर येतात.

मदतीचंही सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. ‘लहानपणी आम्ही आजोळी जायचो, विहिरीत पोहायचो’ यातलं ‘जायचो, पोहायचो’ म्हणजे तंतोतंत ‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’: ‘वी यूज्ड टू गो टू माय ग्रँडमदर्स व्हिलेज, अँड वी वुड स्विम इन द वेल.’ ‘गेलो असतो तर’ म्हणजे ‘इफ आय हॅड गॉन’. ज्यांना हे प्रकार पुस्तकात अवघड वाटतात, ती माणसं मराठीत ते दिवसातून वीस वेळा वापरतात. वाक्याचं भाषांतर टाळायचंच आहे, पण या रचनांमागचा भाव आपल्या ओळखीचा आहे.

उच्चार: मराठीपण राहू द्या, धूसरपण काढा

मराठी लकब ऐकू आली म्हणून बँड जात नाही. ऐकणाऱ्याला समजायला कष्ट पडले की जातो. तर कष्ट कुठे पडतात तेवढंच पाहू.

मराठी बोलण्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ बहुतेकांच्या तोंडी सारखेच येतात. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो: ‘लिव्ह’ म्हणजे राहणं, ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणं, आणि घराबद्दल बोलताना दोन्ही लागतात. ‘वेट’ म्हणताना ओठ गोल, दात दूर. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला. आपला ‘व’ या दोहोंच्या मध्ये पडतो. ‘झू’, ‘झीरो’साठी ‘स’ म्हणत राहा आणि म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढा, मधमाशीसारखा. भूतकाळात ‘वॉकेड’, ‘वॉचेड’ नको, ‘वॉक्ट’, ‘वॉच्ट’. ‘एड’ पूर्ण ऐकू येतो तो फक्त ‘ट’ किंवा ‘ड’च्या नंतर: ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’.

याहून मोठी गोष्ट आघाताची. मराठीत आपण शब्दातली अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत एक अक्षर उभं राहतं, बाकीची बसतात. ‘हॉटेल’मध्ये जोर दुसऱ्या भागावर, ‘डेव्हलप’मध्येही दुसऱ्यावर. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्यावर, पण ‘फोटोग्राफी’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. तुम्ही नेहमी वापरता ते तीसेक शब्द, म्हणजे तुमच्या कामाचे, शिक्षणाचे, गावाचे, शब्दकोशाच्या संकेतस्थळावर ऐका आणि टेबलावर टिचकी मारत म्हणा. एवढे तीस शब्द सुधारले की उच्चाराचं निम्मं काम होतं.

परीक्षेच्या दिवशी, आणि निकाल लागल्यावर

पासपोर्ट घ्या. नोंदणी करताना जो दिला तोच. वाट पाहताना घोकू नका, शेजारच्याशी चार वाक्यं इंग्रजीत बोला, म्हणजे जीभ सैल होते. आत गेल्यावर परीक्षक हसला नाही तरी त्यातून काही अर्थ काढू नका. त्याला वेळ सांभाळायची असते. चूक ध्यानात आली तर एकदा सुधारा आणि पुढे चला. तेच वाक्य तीनदा दुरुस्त करणं हे मूळ चुकीपेक्षा जास्त ऐकू येतं.

निकाल अपेक्षेपेक्षा अर्ध्या बँडने कमी आला तर दोन वाटा आहेत. ‘एन्क्वायरी ऑन रिझल्ट्स’ म्हणजे फेरतपासणी. ती परीक्षेच्या तारखेपासून 6 आठवड्यांच्या आत मागता येते. दुसरा परीक्षक तुमचं रेकॉर्डिंग ऐकतो आणि बँड बदलला तर भरलेली फी परत मिळते. दुसरी वाट ‘वन स्किल रिटेक’ची: संगणकावर परीक्षा दिली असेल तर फक्त स्पीकिंग पुन्हा देता येतं, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत. मात्र तुम्हाला जिथे अर्ज करायचा आहे ती संस्था असा निकाल स्वीकारते का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

आणि त्या 60 दिवसांत नवीन विषयांच्या मागे लागू नका. पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग काढा, त्यातलं सर्वांत वाईट उत्तर निवडा, आणि त्याच्या चार फेऱ्या त्याच संध्याकाळी करा.